‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे काय, आणि ती पेनी नेमकी कोण भरत होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बहीण तीन महिन्यांपूर्वी नर्स म्हणून इंग्लंडला गेली, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात ड्युटी लागली, आणि एका रात्री ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी तिला म्हणाल्या, ‘डिअर, आय नीड टू स्पेंड अ पेनी.’ हिला वाटलं आजींना खालच्या दुकानातून काहीतरी हवंय, म्हणून ही म्हणाली दुकान बंद झालंय, सकाळी बघू. दहा मिनिटांत बेड ओला, आजी रडायला लागल्या, हिलाही रडू आलं. म्हणून तुम्ही विचारताय की ह्या वाक्याचा अर्थ काय, ते आलं कुठून, आणि असं अजून काय काय तिला माहीत असायला हवं.

मी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून आधी सांगली-मिरजेकडे आणि नंतर अकरा वर्षं इंग्लंडात वृद्धांच्याच वॉर्डात काम केलंय, आता परत येऊन बाहेर जाणाऱ्या मुलींना हॉस्पिटलमधलं इंग्लिश शिकवते. दर बॅचला मी पहिल्या दिवशी फळ्यावर हेच वाक्य लिहिते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

बहिणीला आधी सांगा की तिचं इंग्लिश कच्चं नाहीये. आपण परीक्षेसाठी ‘युरिन’, ‘कॅथेटर’, ‘इनकॉन्टिनन्स’ असले शब्द पाठ करतो, पण ऐंशी वर्षांची बाई रात्री अडीच वाजता यातला एकही शब्द तोंडातून काढत नाही. ती लहानपणी आईकडून जे शिकली तेच बोलते. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे ‘मला लघवीला जायचंय’, बास. मोठ्या माणसांसमोर, परक्या माणसासमोर, पुरुष डॉक्टरसमोर सांगायची सभ्य पद्धत. आणि हे मुख्यतः बायकांचं वाक्य आहे. म्हातारे पुरुष पेशंट मी खूप सांभाळले, त्यांच्या तोंडून हे अगदी क्वचित ऐकलं. असं का, हाच ह्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, त्यावर येतेच.

पेनी म्हणजे कुठली पेनी ते आधी. आत्ता बहिणीच्या पर्समध्ये जी चिल्लर आहे ती नाही. १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधी ब्रिटनमध्ये १२ पेनींचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होता, म्हणजे पौंडात २४० पेनी. ती जुनी पेनी ब्राँझची, आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षाही मोठी, जवळजवळ ३१ मिलिमीटर रुंद, तळहातावर चांगली जड लागते. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला ढाल आणि त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया. सार्वजनिक संडासाच्या दाराला पितळी कुलूप असायचं, त्याच्या फटीत ही पेनी टाकली की कडी सुटायची आणि दार उघडायचं. म्हणजे ‘पेनी खर्च करून येते’ हे वाक्य मुळात शब्दशः खरं होतं. बाई खरंच पेनी खर्च करून येत होती.

आता उगम. ह्याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती अर्धी पक्की आहे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ग्रेट एक्झिबिशन, तो प्रचंड काचेचा क्रिस्टल पॅलेस त्याच्यासाठीच बांधलेला. मे ते ऑक्टोबर साडेपाच महिन्यांत ६० लाख माणसं येऊन गेली. एवढी माणसं दिवस दिवस आत फिरणार म्हटल्यावर सोय लागणारच, ती जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या सॅनिटरी इंजिनियरने केली, पाण्याने फ्लश होणारे संडास बसवले, नाव दिलं ‘रिटायरिंग रूम’, आणि एका वेळेचा दर ठेवला एक पेनी. सव्वाआठ लाखांहून जास्त लोकांनी ती पेनी भरली, हा आकडा त्या वेळच्या हिशोबात आहे. घरात फ्लशचा संडास नसलेल्या हजारो लोकांनी तो पहिल्यांदा तिथेच पाहिला असणार. बघा, इथेही ‘रिटायरिंग रूम’, म्हणजे जरा विसावा घ्यायची खोली. पाटीवरसुद्धा खरं नाव लिहायचं नाही!

इथपर्यंत खरं. पण इथून लोक सरळ उडी मारतात की ‘म्हणून १८५१ पासून स्पेंड अ पेनी म्हणायला लागले’, ते मात्र धरून चालू नका. हे वाक्य छापील स्वरूपात सापडतं ते थेट १९४५ मध्ये, प्रदर्शनानंतर ९४ वर्षांनी. बोलण्यात ते त्याआधी नक्कीच असणार, असले शब्द छापायला लोक कचरतात त्यामुळे बोलण्यात आधी येतात आणि पुस्तकात खूप उशिरा, पण म्हणून हाइड पार्कातल्या त्या रांगेतच कोणीतरी ते पहिल्यांदा म्हटलं असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. माझं मत असं की वाक्य एका प्रदर्शनातून आलेलं नाही, ते पुढची शंभर वर्षं गावोगावच्या कुलपांतून आलंय. रोज हजारो बायका तेच नाणं त्याच फटीत टाकत होत्या, मग भाषेत ते यायला वेगळं कारण कशाला लागतंय. आणि हो, १९४५ च्या त्या पहिल्या छापील वाक्यात बोलणारी कोण आहे? एक मुलगी, ती म्हणते आम्ही पोरी जरा पेनी खर्च करून येतो.

अजून एक नाव तुम्हाला वाचायला मिळेल, जॉन नेव्हिल मॅस्कलिन. हा स्टेजवरचा नामांकित जादूगार, पेनीचं कुलूप काढल्याचं श्रेय बरेच जण त्याला देतात. पण तो डिसेंबर १८३९ चा जन्म, म्हणजे प्रदर्शनाच्या वेळी ११ वर्षांचा पोरगा. पेनी घेणं त्याच्या आधीच सुरू झालेलं होतं, तेव्हा वाक्याचा जनक म्हणून त्याला धरता येत नाही.

आता बायकांचंच वाक्य का, ते.

पुरुषांच्या उभ्याच्या मुताऱ्या फुकट होत्या. रस्त्याच्या कडेला लोखंडी आडोसा, गेला, आला, खिशात हात घालायची गरज नाही. पेनी लागायची ती दाराच्या आतल्या संडासाला. पुरुषाला त्या दारामागे दिवसातून एखाद्या वेळी जावं लागणार, बाईला मात्र प्रत्येक वेळी. साधी लघवी असली तरी दार, दार म्हटलं की कुलूप, कुलूप म्हटलं की पेनी. म्हणजे शरीराची गरज एकच, पण बिल फक्त बाईला. म्हणून हे वाक्य बायकांच्या तोंडी बसलं. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुली एकदम गप्प होतात, कारण त्यांना आपला एसटी स्टँड आठवतो.

आणि पेनी ही शेवटची अडचण झाली, त्याआधीची अडचण म्हणजे जागाच नव्हती. १८५२ मध्ये लंडनला फ्लीट स्ट्रीटवर पुरुषांसाठी आणि काही दिवसांनी बेडफर्ड स्ट्रीटवर बायकांसाठी अशी सार्वजनिक सोय उघडली, नाव काय दिलं तर ‘पब्लिक वेटिंग रूम’. फार लोक फिरकले नाहीत, थोड्याच काळात बंद पडली. पुढे पुरुषांच्या सोयी वाढत गेल्या, बायकांच्या फार मागे राहिल्या. समजूत अशी होती की चांगल्या घरच्या बाईने तिथे शिरताना दिसणंच वाईट. मग बाईने करायचं काय, घरून निघताना पाणी प्यायचं नाही, लांब जायचं नाही, मैत्रिणीच्या घरापर्यंत जायचं आणि परतायचं. इतिहासाचे अभ्यासक ह्याला लघवीचा दोर म्हणतात, जनावराला दावं बांधतात तसा, दोर पुरेल तेवढ्यातच फिरायचं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझी आई आठवली, बाजाराच्या दिवशी मिरजेला जायचं असलं की सकाळपासून चहासुद्धा घ्यायची नाही. तिने कधी कारण सांगितलं नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ लंडनच्या सेंट पँक्रास भागात लोकनियुक्त सदस्य होते, आपल्याकडे नगरसेवक असतात तसे. कॅम्डन भागात रस्त्याच्या नाक्यावर बायकांसाठी सोय करायचा प्रस्ताव आला तर केवढा गदारोळ. त्या जागी अंदाजासाठी एक लाकडी सांगाडा उभा केला, तर गाड्यावाले त्यालाच धडका देऊ लागले, म्हणजे बघा इथे रहदारीला अडथळा होतो असं दाखवता यावं. शॉ यांनी १९०९ मध्ये हा सगळा प्रकार लिहून काढला, आणि गरीब बाईला ही पेनी परवडत नाही, पुरुषाला मात्र फुकट, हे त्यांनी स्पष्ट मांडलंय. एका पुरुषाने १०० वर्षांपूर्वी हे जाहीर बोलणं सोपं नव्हतं, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे त्यासाठी.

पेनीनंतर आला फिरता दांडा, स्टेडियमच्या दारात असतो ना गोल फिरणारा लोखंडी, एकेक माणूस आत सोडणारा, तसा. तो बायकांच्या सार्वजनिक संडासांच्या दारात लावलेला. आता विचार करा, सात महिन्यांची पोटुशी बाई, किंवा काठी टेकत चालणारी आजी, किंवा एका हाताला मूल आणि दुसऱ्या हातात पिशव्या, ती त्यातून जाणार कशी. बार्बरा कॅसल नावाच्या खासदार बाईंनी हा विषय लावून धरला आणि १९६३ मध्ये ते दांडे काढून टाकायचा खास कायदाच झाला. आणि लंडनच्या मोठ्या रेल्वे स्टेशनांवर संडासाला पैसे घेणं तर अगदी परवापर्यंत चालू होतं, काही ठिकाणी ५० पेनीपर्यंत, रेल्वेच्या ताब्यातल्या मोठ्या स्टेशनांवर ते पूर्ण बंद झालं १ एप्रिल २०१९ ला. मी तिथे होते तेव्हा गावावरून येताना स्टेशनवर उतरलं की आधी सुट्टे पैसे शोधायचे, ती सवय इतकी लागली होती की अजूनही पर्सच्या पुढच्या कप्प्यात चिल्लर ठेवते.

आपल्याकडचं वेगळं सांगायला नकोच. १९७४ मध्ये बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभने पाटण्यात ‘पैसे द्या आणि वापरा’ ही पद्धत सुरू केली, तिचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, लाखो लोकांना स्वच्छ जागा मिळाली, आणि ‘सुलभ’ हा शब्दच आपल्या बोलण्यात त्या अर्थाने रुळला, ‘इथे जवळ सुलभ आहे का’ असं बाई विचारते तेव्हा तीही एक प्रकारे पेनीच म्हणत असते. पण पुरुषांची मुतारी फुकट आणि बाईला दोन, तीन, पाच रुपये, हा हिशोब आपल्याकडेही जसाच्या तसा आला. मी एका स्टँडवर विचारलं होतं बसलेल्या माणसाला की लघवीला पैसे नाहीत असं लिहिलंय ना, तर तो म्हणाला, ताई, तुम्ही आत जाऊन काय करता ते मला कसं कळणार. दार बंद झालं की पैसे, हाच जुना लंडनचा न्याय. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ म्हणजे लघवीच्या हक्काची चळवळ बायकांनी चालवली ती ह्याचसाठी, आणि पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधायचे आदेश दिले. त्या चळवळीच्या नावात सरळ ‘पी’ आहे, कसलाही आडपडदा नाही. मला ते फार आवडलं, कारण आडपडद्याने बोलत राहिलं की मागणी करता येत नाही. म्हणजे ‘महापौरसाहेब, आम्हाला पेनी खर्च करायला जागा द्या’ असं निवेदन कसं देणार.

आता म्हणाल की मग इंग्रज लोक किती आडवळणाने बोलतात. तसं काही नाही, आपण तेच करतो. ‘लघवी’ हा शब्द आपल्याला सरळ वाटतो, पण तो लघु म्हणजे लहान यावरून, लहान काम एवढाच अर्थ. लघुशंका म्हणजे छोटी शंका! शौच म्हणजे मुळात शुद्धी, आणि आपण त्याचा वापर कशासाठी करतो. पायखाना हा फारसी शब्द, त्यात पाय आहे आणि खोली आहे, बाकी काहीच नाही. शाळेत आपण बोट वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ विचारायचो. इंग्लंडमध्येही मुलं नंबर वन नंबर टू म्हणतात, तेच. आणि मला सगळ्यात गोड वाटणारी जोडी म्हणजे आपलं ‘परसाकडे’ आणि त्यांचं जुनं ‘टू प्लक अ रोझ’. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, तिकडे आडोसा. इंग्लंडच्या खेड्यांतही संडास घरामागच्या बागेत असायचा, म्हणून २००-२५० वर्षांपूर्वी तिथल्या बायका म्हणायच्या, जरा गुलाब तोडून येते. दोन्हीकडे बाई घरामागे चाललीये आणि कुठे ते सांगत नाहीये.

शब्द एकदा त्या कामाला लागला की त्याला त्याचा वास चिकटतो, मग नवा शब्द आणावा लागतो, हे भाषेत सतत चालतं. टॉयलेट हा मूळ फ्रेंच, छोटं कापड, मग ते कापड घातलेलं शृंगाराचं टेबल, मग शृंगाराची खोली, मग ही खोली. लॅव्हेटरी म्हणजे धुण्याची जागा. आपल्याकडे संडास म्हणायला लाज वाटायला लागली म्हणून शौचालय, मग टॉयलेट, आता मॉलमध्ये वॉशरूम. माझ्या भाचीला ‘संडास’ हा शब्द शिवीसारखा वाटतो, माझ्या आजीला तो नव्या घराच्या अभिमानाचा शब्द होता.

आणि हे फक्त परदेशातलं नाही हो. पुण्या-मुंबईच्या शाळांतून शिकलेल्या नव्या मुली आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात येतात तेव्हा त्यांचंही असंच होतं. एका आजोबांनी राउंडच्या वेळी सांगितलं, ‘दोन दिस परसाकडला न्हाई झालं’, आणि नव्या सिस्टरने लिहून काय घेतलं तर दोन दिवस चालले नाहीत, घराच्या मागे गेले नाहीत. दोन दिवस बद्धकोष्ठ होतं त्या माणसाला, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला तेव्हा कळलं. म्हणून मी म्हणते हा इंग्लिशचा प्रश्नच नाहीये, म्हातारं माणूस लाजेच्या गोष्टी कुठल्या शब्दांत सांगतं ते शिकायचा प्रश्न आहे.

एक गोष्ट सांगते, माझ्या वॉर्डातली. डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याचा आजार, झालेल्या एक बाई होत्या, नव्वदीच्या जवळ. रोज संध्याकाळी त्या वॉकर घेऊन संडासाच्या दारापर्यंत जायच्या आणि दारातच थांबायच्या. दार उघडं असायचं. आत जायच्या नाहीत. स्वेटरच्या खिशात हात घालून चाचपत राहायच्या, एक खिसा, दुसरा खिसा, मग बाही, मग परत पहिला खिसा. आम्ही म्हणायचो चला आत, मी धरते, तर त्या हात झटकायच्या, चिडायच्या, आणि मग तिथेच कपडे ओले व्हायचे. फाइलमध्ये लिहिलेलं, सहकार्य करत नाही. आठवडाभर हे चाललं. मग एका जुन्या हेल्थकेअर असिस्टंट बाईने, ती स्वतः साठीची, एक दिवस लांबून बघितलं आणि म्हणाली, अगं ती पेनी शोधतेय. दुसऱ्या दिवशी तिने घरून दोन जुन्या पेनी आणल्या, काळ्या पडलेल्या, कडा झिजलेल्या. संध्याकाळी बाई दारात आल्या, खिसे चाचपायला लागल्या, तेव्हा मी त्यांच्या तळहातावर ती पेनी ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने एकदा पुसली, माझ्याकडे बघून थँक्यू डिअर म्हणाल्या, आणि सरळ आत गेल्या. त्यानंतर रोज मी ड्युटीवर असले की पेनी माझ्या युनिफॉर्मच्या खिशात असायची. त्यांना आपण कुठे आहोत, कोणतं साल आहे, मुलीचं नाव काय, काहीही आठवत नव्हतं. पण पैसे दिल्याशिवाय त्या दारातून आत जायचं नसतं हे पक्कं आठवत होतं. आयुष्यभर किती वेळा ते नाणं मोजून बाजूला ठेवलं असेल त्या बाईने!

तेव्हापासून मी मुलींना सांगते, म्हातारी बाई पर्स शोधतेय, सुट्टे मागतेय, उगाच उठबस करतेय, चादर ओढतेय, तर आधी हाच विचार करा की हिला जायचंय का. वृद्ध पेशंट पडतात ते फार वेळा संडासाला जाताना पडतात, कोणी समजून घेतलं नाही म्हणून एकट्याच उठतात, आणि मग कंबरेचं हाड. तुमच्या बहिणीच्या पेशंटचा बेड ओला झाला, वाईट झालं, पण त्या उठल्या नाहीत हे नशीब समजा.

बाकीचे शब्द, जे तिला पहिल्या महिन्यात कानावर पडतीलच. ‘लू’ म्हणजे संडास, हे तर सगळेच म्हणतात, तरुण म्हातारे सगळे, तिने स्वतः बोलताना हाच वापरावा. ‘आय वॉज कॉट शॉर्ट’ म्हणजे ऐन वेळी जोराची लागली आणि सोय नव्हती, कधीकधी कपड्यातच झाली असंही त्यातून सुचवायचं असतं, तेव्हा त्याला हसू नये, हळूच कपडे आणावेत. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे पाणीपुरवठा खातं नव्हे, मूत्रमार्ग, म्हातारे पुरुष प्रोस्टेटचा त्रास ह्याच शब्दाने सांगतात, ‘ट्रबल विथ माय वॉटरवर्क्स’. ‘वॉटर टॅब्लेट’ म्हणजे लघवी होण्याची गोळी, सकाळी द्यायची असते ती. ‘पास वॉटर’ म्हणजे लघवी करणे. ‘बॅक पॅसेज’ म्हणजे गुदद्वार, ‘डाउन बिलो’ म्हणजे कमरेखालचं काहीही, इथे मात्र अंदाज करू नये, पडदा ओढून नीट विचारावं की नेमकं कुठे दुखतंय. ‘पावडर माय नोज’ म्हणजे नाकाला पावडर लावून येते, अर्थ तोच. आणि एखादे आजोबा डोळे मिचकावून म्हणतील ‘आय मस्ट सी अ मॅन अबाउट अ डॉग’, कुत्र्यासाठी एका माणसाला भेटायचंय, तर तिथे कुत्रा नाही आणि माणूसही नाही. हे वाक्य १८६६ च्या एका नाटकात सापडतं, मुळात नुसतंच सटकायचं निमित्त होतं, कुठे जातोय ते सांगायचं नसलं की म्हणायचं, नंतर बहुतेक वेळा संडासासाठी.

उत्तर काय द्यायचं हेही महत्त्वाचं. पेशंट आडून बोलली तर आपण ‘ओह, यू वॉन्ट टू पी?’ असं मोठ्याने विचारू नये, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातं आणि तिने जे झाकलं ते आपण उघडं केलं. ‘ऑफ कोर्स, शॅल आय टेक यू टू द लू, ऑर वुड यू लाइक द कमोड?’ एवढं पुरे, आवाज खाली, पडदा आधी. कमोड म्हणजे तिथे बेडशेजारी आणायची भांडं बसवलेली खुर्ची. आत्ता हात रिकामा नसेल तर ‘दोन मिनिटांत’ म्हणून निघून जायचं नाही, दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायची, कारण दोन मिनिटं तिच्याकडे नाहीयेत. आणि नोट्समध्ये मात्र साफ शब्द, किती वाजता लघवी झाली, किती झाली, रंग कसा, तिथे पेनी लिहायची नाही. तोंडी आडून बोललेलं ऐकायचं आणि कागदावर सरळ लिहायचं, नर्सला दोन्ही यायला लागतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की तिने स्वतः हे वाक्य वापरावं का. मी म्हणेन वापरू नये. तिच्या वयाच्या तिथल्या मुलीसुद्धा आता सहसा म्हणत नाहीत, ते त्या पिढीचं आहे. तिने फक्त ओळखावं. मात्र त्या आजींशी बोलताना चालेल, त्या आजींना उद्या सकाळी जाऊन हळूच विचारू दे, ‘वुड यू लाइक टू स्पेंड अ पेनी बिफोर ब्रेकफास्ट?’ त्यांना लगेच कळेल की ही आता शिकली, आणि परवा रात्रीचं दोघींच्याही मनातून उतरेल.

आणि तिला एक छोटी वही करायला सांगा, पेशंट जे बोलले ते तसंच्या तसं लिहून ठेवायचं, अर्थ नंतर विचारायचा. माझ्या अशा तीन वह्या भरल्यात, एक इंग्लिशची आणि दोन आपल्या मराठीच्या. मराठीतलं अजून संपलेलं नाही. तुमच्या घरी आजी काय म्हणायच्या ते आठवत असेल तर मला जरूर कळवा, गावाचं नाव पण लिहा, मला वहीत टिपून ठेवायचंय.